१५ च्या जागी ३० चा फ्यूज टाकलाय, चालेल का?

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, दहा वर्षं जुनी. मागच्या रविवारी जोतिबाहून येताना केर्लीजवळ टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून हवा भरायचा छोटा पंप चार्जरच्या सॉकेटला लावला, मोबाईलही टेपला लावलेलाच होता, दोन मिनिटं पंप चालला आणि गप झाला. तेव्हापासून सॉकेट बंद, टेप बंद, आणि बाजूचे आरसेही बटणावर हलेनात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लगेच फ्यूज बदलून दिला, १५ अँपिअरचा होता ३० चा टाकलाय, आता परत उडायचा नाही म्हणाला. सासरे म्हणतात आमच्या जीपला आम्ही तांब्याची तार गुंडाळून वर्षानुवर्षं फिरलोय, काय होत नाही. पण काल परत पंप लावला तर सॉकेटजवळ प्लॅस्टिक तापल्यासारखा वास आला. हे बरोबर आहे का? आणि पुढच्या वेळी माझं मला करता येईल का?

उत्तर : ताई, पुढचं वाचायच्या आधी खाली जाऊन तो ३० चा फ्यूज काढून ठेवा. टेप आणि चार्जर दोन दिवस बंद राहिले तर काही बिघडत नाही, पण तुम्हाला जो वास आला तो वायर तापल्याचा असू शकतो आणि तो मला अजिबात आवडलेला नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की फ्यूज हा टेपला किंवा चार्जरला वाचवायला असतो. तसं नाहीये, फ्यूज असतो वायरीला वाचवायला. त्या सॉकेटपर्यंत जी वायर गेलीय ती कंपनीने १५ अँपिअरचा हिशोब धरून घातलीय, म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५, साधारण १८० वॉट, त्याच्यावर करंट ओढला की ती वायर तापायच्या आधी फ्यूजमधली बारीक पट्टी वितळते आणि लाइन तुटते. आता तिथं ३० चा बसवला म्हणजे ३६० वॉटपर्यंत फ्यूज गप्प बसणार, आणि वायर तेवढीच बारीक आहे. मग वितळणार कोण, तर वायरीवरचं प्लॅस्टिक. घरातल्या किटकॅटमध्ये, म्हणजे मीटरजवळच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, फ्यूज तारेच्या जागी जाड तार घातली की भिंतीतली वायर जळते, ते आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी बघितलेलं असतं, तसंच हे. फरक एवढाच की गाडीत ती वायर कार्पेटखालून आणि डॅशबोर्डच्या आतून इतर वीस-पंचवीस वायरींबरोबर एका जुडग्यात बांधलेली असते, एक तापली की शेजारच्यांनाही चिकटते. उद्यमनगरात एका गाडीचा डॅशबोर्ड उतरवलेला मी बघितलाय, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली होती, चार वायरी वितळून एकमेकींत घुसल्या होत्या आणि त्या घरच्यांचं पोरगं मागच्या सीटवर झोपलेलं असताना धूर निघाला होता. वेळेत थांबले म्हणून वाचले.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच सांगा की त्यांच्या जीपमध्ये वायरी मोजक्या होत्या आणि डोळ्यांसमोर होत्या, वास आला की बॉनेट उघडून हाताने ओढून काढता यायची. तुमच्या गाडीत तसा हात पोचत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, स्वतःला जमेल का, तर हो, नक्की जमेल. आणि खरं सांगायचं तर अर्धं निदान तुम्हीच पत्रात केलंय. सॉकेट, टेप आणि आरसे तिन्ही एकाच क्षणी गेले असं तुम्ही लिहिलंय, तीन वेगवेगळ्या वस्तू एकदम खराब होत नाहीत, त्यांचा फ्यूज एकच असतो म्हणून त्या एकदम जातात. काहीही बंद पडलं की आधी हेच बघायचं, त्याच्याबरोबर अजून काय काय गेलंय.

गाडी बंद करा, चावी काढा, सगळी बटणं बंद. बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात, एक ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली आणि दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ काळ्या झाकणाची. टेप, सॉकेट, आरसे, आतला दिवा असल्या गोष्टी बहुतेक वेळा आतल्या पेटीत. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात नकाशा असतो, कुठल्या नंबरला काय आणि किती अँपिअरचा. गॅरेजवाल्याने काय बसवलंय ते बघू नका, नकाशात काय लिहिलंय तेच खरं. हात लावायच्या आधी मोबाईलवर पेटीचा एक स्वच्छ फोटो काढा, तीन फ्यूज हातात आल्यावर कुठला कुठं होता ते आठवत नाही म्हणून सांगतोय. काढायला छोटा प्लॅस्टिकचा चिमटा असतो, बऱ्याचदा बॉनेटखालच्या पेटीच्या झाकणातच अडकवलेला, नसेल तर बारीक तोंडाची पकड घ्या पण दाबू नका, सरळ वर ओढा.

फ्यूज उजेडासमोर धरला की आतली वळणदार पट्टी दिसते. तुटली असेल तर उडालाय. कशी तुटलीय तेही बघून ठेवा, पट्टी मधेच वितळून फट पडली असेल तर बहुतेक वेळा लोड जास्त झालेला असतो, आणि आतून काळा धूर बसून वरचं पारदर्शक प्लॅस्टिक काळवंडलं असेल तर कुठंतरी सरळ शॉर्ट आहे. कधी कधी मात्र पट्टीला केसाएवढी चीर असते, ती डोळ्याला दिसत नाही, आणि चांगली दिसतेय म्हणून माणूस परत तोच बसवतो आणि दिवसभर डोकं खाजवत बसतो. त्यासाठी बारा व्होल्टचा टेस्टर घेऊन ठेवा, दिव्याचा येतो तो. फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं दिसतात, टेस्टरची क्लिप बॉडीच्या लोखंडाला लावायची, चावी ऑन करायची आणि दोन्ही टोकांना टेकवून बघायचं. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला लागला तर उडालाय. एकीकडेही लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाहीये, मग दोष मागे कुठंतरी.

नवा आणताना जुना फ्यूज खिशात घालून न्या. रंग ठरलेले आहेत, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ बिनरंगी, ३० हिरवा. तुमच्याकडे आता हिरवा बसलाय, तिथं निळा पाहिजे. पण रंग जुळला तरी साइज वेगळी असते, मोठ्या पात्याचा साधारण १९ मिलिमीटर रुंद येतो आणि मिनी साधारण ११, आणि मिनीतही बुटका प्रकार आहे, म्हणून नमुना हातात असलेला बरा. पाच-सहा फ्यूज चहा-नाश्त्याच्या पैशात येतात.

पण निळा बसवायच्या आधी उडाला का ते शोधा, नाहीतर परत उडेल आणि परत कुणीतरी ३० चा सुचवेल. तुमच्या बाबतीत मला दोन संशय आहेत. पहिला तो पंपच, असले पंप १० अँपिअर सहज ओढतात आणि टायर जसा भरत येतो तसा पंपावर जोर वाढतो, वर त्याच लाइनवर टेप पण होता. त्यामुळे पंपाच्या डब्यावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, १५ च्या जवळपास असेल तर तो पंप सॉकेटवर वापरू नका, बॅटरीला थेट क्लिप लावायचा, वायरीत स्वतःचा फ्यूज असलेला पंप मिळतो तो घ्या. आणि कुठलाही पंप असो, गाडी चालू ठेवून, बाकी सगळं बंद करून, आठ-दहा मिनिटांनी त्याला थंड होऊ द्यायचं. दुसरा संशय सॉकेटच्या आतल्या कचऱ्यावर. चावी काढलेली असताना मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. पडलेलं नाणं मी काढलंय, आणि स्वस्तातल्या चार्जरच्या टोकाची धातूची रिंग सुटून आतच राहते ती तर लई वेळा, मधली पिन आणि कडा एकमेकांना टेकली की झालं शॉर्ट. काढताना लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

एक गोष्ट अजून. पंपाच्या त्या पिनचं टोक फिरवून उघडलं तर आत बऱ्याचदा काचेचा एक छोटा फ्यूज असतो. गाडीचं सगळं चालू असेल आणि पंपच तेवढा मेला असेल तर तो बघा.

निळा बसवून, पंप न लावता, टेप आणि मोबाईल चालवून बघा. लगेच उडाला तर तिसरा घालत बसू नका, वायरिंगवाल्याकडे जा. आणि टिकला तरी तो वास आला होता म्हणून एकदा सॉकेटच्या मागची वायर उघडून बघायला सांगाच, कडक किंवा काळी झाली असेल तर तेवढा तुकडा बदलून घ्या. ३० चा फ्यूज सुचवणाऱ्याकडे नाही, दुसरीकडे दाखवा.

कागल तालुक्यातून एक शेतकरी वाचक : रात्री कारखान्यावरून येताना मागून एकजण हॉर्न मारायला लागला, उतरून बघतोय तर मागचे लाल दिवे दोन्ही बंद. ब्रेक दाबला की लागत्यात. बल्ब बदलले, फरक नाही.

उत्तर : दादा, बल्बवर खर्च थांबवा. ब्रेकचा फ्यूज वेगळा असतो म्हणून ब्रेकचे दिवे लागतात. आता दिव्याचं बटण चालू करून नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमधला रात्रीचा उजेड बघा, तेही गेले असतील तर टेल लाइटचा फ्यूज उडालाय, काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे दोन असतात. बदलल्यावर परत उडाला तर डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी जातात तिथं बघा, रोज उघड-झाक होऊन तिथली वायर सोलते आणि पत्र्याला टेकते. दुसरी जागा बॉनेटखाली. शेताकडेला गाडी उभी असते ना, उंदीर वायर कुरतडतात, टवके दिसले की समजायचं.

हे होईस्तोवर रात्री गाडी काढू नका. सीझन चालू आहे, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, त्यात आपलीही गाडी मागून दिसत नसेल तर येणाऱ्याला काय कळणार. अगदीच अडलं तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टेपच्या जागेवरून काढून तिथं घालून घरापर्यंत या, किंवा थोडा कमी अँपिअरचा चालेल, जास्तीचा नाही. एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा इंजिनचा फ्यूज मात्र उसना घ्यायचा नाही.

शिवाजी विद्यापीठातला एक विद्यार्थी : स्कूटीचा हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ सगळं एकदम बंद. किक मारली की चालू होते.

उत्तर : बॅटरीजवळची छोटी फ्यूजपेटी उघड, बऱ्याच गाड्यांत तिथंच एक जादाचा फ्यूज ठेवलेला असतो, चावी बंद करून तेवढ्याच अँपिअरचा बदल. फ्यूज चांगला निघाला तर बॅटरीची टोकं ढिली झालीत का ते बघ, पावसाळ्यानंतर तिथं हिरवट-पांढरी पूड साठते, चावी बंदच ठेवून टोकं काढ, आधी काळी मग लाल, घासून परत आवळ, लावताना लाल आधी.