नळीतली साखर आणि माहेरचा पत्ता

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

गरोदरपणातील मधुमेहावर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात काम करण्याचा तुझा विचार वाचून मनापासून आनंद झाला. संप्रेरकांचा भाग तू चांगला मांडला आहेस. वार (प्लॅसेंटा) वाढते तसतशी तिच्यातून स्रवणारी प्लॅसेंटल लॅक्टोजेनसारखी संप्रेरके आईच्या शरीराला इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देऊ देत नाहीत, त्यामुळे बाळाच्या वाट्याला साखर अधिक येते, आणि ज्या बाईचे स्वादुपिंड वाढीव इन्सुलिन पुरवू शकत नाही तिची साखर चढते. यात मला काही भर घालायची नाही. मला लिहायचे आहे ते रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल, कारण तुझ्या आराखड्यात त्याला एकच ओळ मिळाली आहे.

गरोदरपणातील वाढलेली साखर आणि तिचे परिणाम यांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ अभ्यासात नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गरोदर स्त्रिया होत्या. आईची साखर जशी वाढते तसे बाळाचे वजन वाढत जाते, धोका अमुकच आकड्यापासून सुरू होतो असे नाही, हे त्यातून दिसले. उपाशीपोटीच्या साखरेची ९२ (दर डेसिलिटरला मिलिग्रॅम) ही मर्यादा तज्ज्ञांनी २०१० मध्ये आपसांतल्या सहमतीने ठरवली. अशा मोजमापात चार-पाच मिलिग्रॅमची चूक क्षुल्लक मानता येत नाही.

आता असे समज, की कणकुंबीच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नर्सबाईंनी सकाळी आठ वाजता एका बाईचे रक्त काढले आणि तिची खरी साखर ९६ होती. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या तासाला पाच ते सात टक्के साखर संपवत राहतात. करड्या टोपणाच्या नळीतले फ्लोराइड ही क्रिया थांबवते खरे, परंतु त्याचा पुरता परिणाम व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो. नळी गाडीत चढेपर्यंतच ९६ चे ९० झालेले असतात. बेळगावच्या प्रयोगशाळेतले यंत्र नळीत जे आहे ते अचूक मोजते, आणि ती बाई निरोगी म्हणून घरी जाते. म्हणून नळी काढताक्षणी बर्फात ठेवणे आणि अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पेशींपासून वेगळा करणे, हे उपकेंद्रावरच कसे होईल ते आधी लिही. ते जमणार नसेल तर पेशींचे साखर संपवणे लगेच थांबवणाऱ्या, सायट्रेट असलेल्या नळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात धर.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे उपास. ‘उपाशी आहेस ना?’ असे विचारले की पहाटेची बस धरून आलेली बाई होय म्हणते, आणि तिने निघताना कपभर गोड चहा घेतलेला असतो, कारण चहाला आपल्याकडे कोणी खाणे मानत नाही. उठल्यापासून पोटात काय काय गेले ते विचार, तेही तिला समजणाऱ्या भाषेत. संमतिपत्र कन्नडमध्ये छापलेले आणि बाई मराठी किंवा कोकणी बोलणारी, अशी सही मी संमती मानत नाही.

एचबीए१सीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, विसंबू नकोस. रक्तक्षय असलेल्या गरोदर बायांमध्ये तो आकडा फसवतो.

मोजमापाचा एवढा आग्रह का, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झाली आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती छापली. गोळ्या नर्सबाईंनी दिल्या, आणि किती रक्त गेले ते नजरेच्या अंदाजाने न ठरवता बाळंतिणीखाली घातलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या कापडात गोळा करून मोजले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, यावर जगाने विश्वास ठेवला त्यात त्या साध्या कापडाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

राहिला पाठपुरावा, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि आपल्या भागात माहेर म्हणजे पुष्कळदा चंदगड किंवा गडहिंग्लज, म्हणजे दुसरे राज्य, महाराष्ट्र. खानापुरातले तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे नोंदणीचे कार्ड) तिच्या पिशवीत असते, पण बाळंतपणाची नोंद पलीकडच्या नोंदवहीत होते, आणि तुझ्या तक्त्यात तिच्यापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो. या बाया बहुधा पहिलटकरणीच असल्यामुळे त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष एका बाजूला झुकतो. त्याहून गंभीर म्हणजे, वार पडल्यावर साखर बहुधा उतरते, घरचे निश्चिंत होतात, आणि पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा त्या बाईचा धोका इतरांच्या कित्येक पट असूनही सहा ते बारा आठवड्यांनंतरची तपासणी राहून जाते.

तेव्हा पहिल्याच भेटीत माहेरचे गाव, तिथल्या आशाताईंचे नाव आणि घरातला एक फोन नंबर, बाईच्या संमतीने, नोंदवून घे. बाळाची सहा आठवड्यांची लस कुठल्याही राज्यात सहसा चुकवली जात नाही; आईची तपासणी त्याच सुमारास बसव. चंदगडच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून आराखड्यातला हा भाग नव्याने लिही आणि नैतिकता समितीकडे पाठवण्यापूर्वी मला दाखव.

तुझ्या कामाची वाट पाहणारा,
तुझा मार्गदर्शक