आमच्या वणीकडच्या खेड्यात मल्टिमीटर घरच्या लाइनवर 230 ऐवजी 310 व्होल्ट दाखवतंय. लाइन वाढली की मीटर बिघडलं?

आधी मीटरमधली 9 व्होल्टची बॅटरी बदला, बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. मीटर आतल्या एका ठरावीक व्होल्टेजशी तुलना करून आकडा काढतं. बॅटरी साधारण 7 व्होल्टखाली गेली की ते व्होल्टेजच घसरतं आणि आकडा फुगतो. स्वस्त मीटरवर बॅटरीची खूण वेळेवर उमटेलच असं नाही. खात्रीसाठी डीसी रेंजवर नवा पेन्सिल सेल मोजा: 1.5 ते 1.6 यायला हवेत, 2 आले तर मीटर खोटं बोलतंय. पण सेल बरोबर दाखवला आणि लाइन तरीही 310, तर मात्र मेन स्विच पाडा; डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, सुटला असू शकतो. तिथं स्वतः चढू नका, लाइनमनला बोलवा.