«अजून कॉलेजातच आहेस का रे?»

पुण्यातील एका विद्यापीठात विज्ञानाच्या प्रयोगांची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून पाहता येणारे प्रयोग, तयार करणारा 32 वर्षांचा एक सॉफ्टवेअर डेव्हलपर माझ्याकडे समुपदेशनासाठी आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बरोबर शिकलेले सगळे हिंजवडीत टीम लीड झाले, बाणेर-बालेवाडीला त्यांचे फ्लॅट झाले आणि आपण मात्र 11 महिन्यांच्या करारांवर अडकून मागे पडलो, अशी त्याची खंत होती. घरच्या कार्यात आत्याने सगळ्यांदेखत विचारलेला "अजून कॉलेजातच आहेस का रे?" हा प्रश्न त्याच्या मनातून जात नव्हता.

आयटीतील पगारांशी स्वतःला ताडून पाहणारी मंडळी पुण्यातल्या समुपदेशकाला नवी नाहीत, आणि नेमकी तिथेच माझी चूक झाली. ही नेहमीचीच तुलना आहे असे गृहीत धरून मी त्याला स्वतःच्या जमेच्या बाजू लिहून आणायला सांगितल्या. पुढच्या वेळी तो कोरा कागद घेऊन आला. "मॅडम, जे लिहिलं ते सगळं खोटं वाटलं, म्हणून फाडलं," एवढेच म्हणाला.

मग मी तो नाद सोडला आणि गेल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळ कशात गेला, ते विचारले. 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा) आधार बंद झाल्यामुळे विभागातील जुनी सिम्युलेशन्स नव्याने लिहावी लागत होती आणि त्यांत लंबकाचा प्रयोग होता. एका दुपारी तो लंबक चालू ठेवूनच जेवायला गेला आणि परत येऊन पाहतो तर लंबक सोडला होता त्याहून वर जात होता. स्थान आणि वेग काढण्याची जी सर्वांत सोपी रीत त्याने वापरली होती, तिच्यात गणिताच्या दर पावलागणिक थोडी ऊर्जा वाढत जाते. आधी नवा वेग आणि मग त्या वेगावरून स्थान, असा क्रम केल्यावर ते सावरले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडाच चुकीचा गेला असता, म्हणून त्याने त्यावर तीन दिवस घातले होते. त्यापुढचा वाद प्राध्यापकांशी झाला. पाठ्यपुस्तकातले सूत्र लहान कोनांपुरतेच चालते आणि 60 अंशांवरून सोडल्यास आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, सूत्रापेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी जास्त भरतो. तेव्हा विद्यार्थ्याला तेवढा कोन घेऊच द्यायचा की नाही? "घेऊ द्यायचा, आणि ते त्याचं त्यालाच खटकलं पाहिजे," असे त्याचे म्हणणे होते. कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट (PhET) या विज्ञान-सिम्युलेशन्सच्या प्रकल्पात विद्यार्थ्याला समोर बसवून, मनात येईल ते बोलायला लावून सिम्युलेशन तपासतात, हेही त्यानेच मला सांगितले. 20 मिनिटे तो थांबला नाही.

कामाविषयी त्याला शंका नव्हतीच, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मुदतवाढीचे पत्र दरवेळी उशिरा यायचे, मधल्या काळात पगार थांबायचा आणि गृहकर्जासाठी गेल्यावर बँकेत करार पाहून नकार मिळायचा. ही भीती खरी होती आणि "तुलना करू नका" हे तिच्यावरचे उत्तर नव्हते. नोकरी कच्ची म्हणजे आपले कामही कच्चे, अशी गाठ मात्र त्याची त्यानेच मारून घेतली होती.

ती सोडवायला आम्हाला आणखी चार भेटी लागल्या. त्याने 4 महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकायला सुरुवात केली. निधी कधीपर्यंत मंजूर आहे आणि आपण लिहिलेला कोड स्वतःच्या नावाने बाहेर दाखवता येईल का, हे त्याने प्रकल्पप्रमुखांना लेखी विचारले. इतकी वर्षे त्याने ते तोंडीही विचारले नव्हते. निधी मार्चपर्यंतच होता आणि कोड दाखवायला परवानगी मिळाली. तेव्हा मार्चपर्यंत थांबायचे आणि जानेवारीपासून इतरत्र अर्ज करायचे, असे त्याने ठरवले.

आत्याला काय सांगायचे, हे त्याने मला विचारले नाही. दिवाळीत तिच्या बारावीतल्या नातवाच्या हातात त्याने मोबाइलवरचा लंबक दिला. पोराने तो थेट 60 अंशांवर नेऊन सोडला, वेळ मोजली आणि "दादा, तुझं गणित चुकलंय" म्हणून भांडायला आला.