कॅनडातलं ‘जॉर्डन्स प्रिन्सिपल’ नेमकं काय आहे?

आदिवासी (फर्स्ट नेशन्स) मुलाला एखादी सेवा हवी असेल, तर ज्या सरकारकडे आधी मागणी आली त्याने ती लगेच द्यायची. खर्च केंद्राचा की प्रांताचा, हा वाद नंतर घालायचा. बस, एवढंच तत्त्व.

ते आलं जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलामुळे. मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समुदायाचा हा मुलगा १९९९ मध्ये गंभीर आजार घेऊन जन्मला. दोन वर्षांचा झाल्यावर त्याला घरी न्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण घरच्या शुश्रूषेचे पैसे कोणी भरायचे यावर दोन्ही सरकारं भांडत राहिली आणि २००५ मध्ये, पाचव्या वर्षी, तो रुग्णालयातच वारला. एकही दिवस स्वतःच्या घरात न राहता. हे वाचून आजही संताप येतो.

२००७ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने या तत्त्वाला पाठिंबा देणारा ठराव एकमताने मंजूर केला, पण अंमलबजावणी जवळजवळ शून्य. आदिवासी मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेने दिलेल्या लढ्यानंतर मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये सरकारला भेदभावाबद्दल दोषी ठरवलं. त्या निकालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: आदिवासींच्या बालकल्याण सेवांसाठीच्या निधीची रचनाच अशी होती की मूल घरातून काढून नेण्याला पैसा मिळे, कुटुंबाला घरीच आधार द्यायला मात्र तुटपुंजा. २०२१ च्या जनगणनेत बालकांमध्ये सर्व आदिवासींचं (फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट मिळून) प्रमाण ७.७ टक्के, पण आईवडिलांपासून काढून दुसऱ्या कुटुंबांत (फॉस्टर केअर) ठेवलेल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के होतं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

न्यायाधिकरणाच्या २०१७ च्या आदेशानुसार या तत्त्वाखाली आलेल्या एकेका मुलाच्या तातडीच्या अर्जावर १२ तासांत, एरवी ४८ तासांत निर्णय द्यावा लागतो.