तपासायचं ते पीठ, माणूस नव्हे

प्रिय बाळ,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तू सरळ विचारलंस, म्हणून मीही सरळच लिहिते. ‘मावशी, भुकेल्याला जेवण द्यायचं तर त्यात कोशेरचा, म्हणजे आपल्या आहारनियमांचा, एवढा काटेकोरपणा कशाला? तेवढ्या वेळात आणखी कितीतरी डबे भरून होतील.’ बेअर शेव्हाच्या मोफत जेवणाच्या स्वयंपाकघरात तू नवीन आहेस, पेसाखच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, वाटपाची यादी तुझ्याकडे यायची आहे, बाहेर गाड्या थांबल्यात आणि आत मशगियाख, म्हणजे कोशेरची देखरेख करणारा, कोथिंबिरीची एकेक काडी उजेडाला धरून बघत उभा आहे. तुझी घालमेल मला कळते. पण डबे जास्त गेले म्हणजे माणसं जास्त जेवली, असं होत नाही.

एखादी म्हातारी आजी डोळ्यांसमोर आण. जन्मभर मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी असं घर चालवलेली. नवरा गेला, पेन्शनीत औषधं आणि भाडं भागतं, महिन्याचा शेवटचा आठवडा भागत नाही. तिच्या दाराशी तू डबा नेलास आणि तिला त्याची खात्री वाटली नाही, तर ती तुला काही म्हणणार नाही. ‘तोदा रब्बा’, खूप आभार, म्हणेल, डबा ओट्यावर ठेवेल, संध्याकाळी शेजारच्या पोरांना देऊन टाकेल आणि स्वतः चहात पाव बुडवून झोपेल. तुझ्या वहीत मात्र ती जेवली अशी नोंद राहील. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आपल्या विश्वासाचं दुकान निवडतो. जो फुकटचं घेतो त्याच्याकडे ती निवड उरत नाही. ती त्याच्या वतीने आपल्याला करायची असते, आणि म्हणून आपलं स्वयंपाकघर यादीतल्या सगळ्यात कडक घराच्या मापाचं असावं लागतं. तिथे आपण ढिलाई केली तर तिचा भार त्या आजीवर पडतो.

म्हणून त्या कामाकडे कटकट म्हणून बघू नकोस. पीठ चाळून घे. अंडं थेट घाण्यात फोडायचं नाही, एकेक काचेच्या पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका नाही ना हे बघून मग ओतायचं. पालेभाजी, फ्लॉवर, कोथिंबीर पाण्यात थोडा साबण घालून भिजवायची, खळाखळा धुवायची आणि पान उजेडाला धरायचं, कारण मावा पानाच्याच रंगाचा असतो आणि पाठीमागे शिरेला चिकटून बसतो. शेतातून देणगीत आलेली भाजी तशीच चिरायला घेऊ नकोस. एरेत्झ इस्राएलच्या मातीत उगवलेल्या मालातून तेरुमा आणि मासेर, म्हणजे धर्माने ठरवलेला पुरोहिताचा वाटा आणि दशांश, काढलेले आहेत का, हे आधी विचार. नसतील तर मशगियाख शंभरातल्या एका हिश्श्याहून जरासं जास्त बाजूला काढेल, ठरलेले शब्द म्हणेल, मगच सुरी लावायची. घाईत हेच राहून जातं, कारण भाजी तर भाजीच दिसते.

मदतीला येणाऱ्यांत सगळे यहुदी नसतात. विद्यार्थी येतात, परदेशी पाहुणे येतात, बेदुईन मुली येतात. सकाळी शेगडी यहुदी हाताने पेटली की अश्केनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांच्या, रीतीत भागतं. सेफार्दी, म्हणजे स्पेनकडून आलेल्या आणि पौर्वात्य यहुद्यांच्या, रीतीत भांडं विस्तवावर ठेवणारा हातही यहुदीच लागतो. आपल्या यादीत दोन्ही घरं आहेत, म्हणून कडक ती रीत धर. पण हे त्या मुलींना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन नीट समजावून सांग. भर कामात कुणी ओरडून तिचा हात थांबवला तर ती पुन्हा येणार नाही, आणि येऊही नये.

लग्नाच्या हॉलमधून उरलेलं येतं त्याचंही असंच. टेबलावर मांडून परत नेलेली परात आपली नाही. आतच राहिलेली, झाकलेली, सील केलेली तेवढीच घ्यायची. मांस असेल आणि गाडीवर देखरेखीचं माणूस नसेल तर एक सील पुरत नाही, दोन लागतात. चीजचं काही आलं तर ते मांसाच्या ओट्यावर टेकवायचंसुद्धा नाही. पूर्वी हॉलवाले द्यायला घाबरायचे, कुणाचं पोट बिघडलं तर कोर्टात कोण जाणार म्हणून. 2018 साली क्नेसेटने, इस्राएलच्या संसदेने, अन्नदानाचा कायदा केला. आता नियम पाळून, निष्काळजीपणा न करता दिलं-वाटलं तर देणाऱ्याला आणि वाटणाऱ्याला संरक्षण आहे. कुणी कां-कूं करू लागलं तर हे सांग. लेकेट इस्राएल ही संस्था 2003 साली जोसेफ गिटलर यांनी असंच उरलेलं अन्न गोळा करण्यापासून सुरू केली. आता ती हॉलमधून, लष्कराच्या तळांवरून जेवणं उचलते आणि शेतांत माणसं नेऊन राहिलेला माल तोडून आणते. शेताचा कोपरा आणि सांडलेली कणसं गरिबासाठी सोडा, असं तोरात, आपल्या धर्मग्रंथात, आहेच. गरीब विधवा रूथने बोआझच्या शेतात वेचलं ते याच हक्काने.

एवढा सगळा संशय स्वयंपाकघरात वापरून टाक. दाराशी जाताना त्यातला कणभरही बरोबर नेऊ नकोस. तुला मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

आपल्या शास्त्र्यांनी यावर वाद घातलाय. अन्न मागणाऱ्याची चौकशी करायची की कपडे मागणाऱ्याची? तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या वादचर्चांच्या ग्रंथात, दोन्ही मतं आहेत, पण निर्णय राव येहुदाच्या बाजूने लागला: कपड्याला चौकशी चालेल, अन्नाला नाही. रमबामने, म्हणजे धर्मपंडित मैमोनिडीसने, बाराव्या शतकात तेच नियम म्हणून लिहून ठेवलं. अनोळखी माणूस ‘भूक लागलीय, जेवायला द्या’ म्हणाला तर आधी वाढायचं. आता तुमच्याकडच्या फॉर्मवर किती रकाने आहेत ते तू मोजून बघ. पगाराची चिठ्ठी, बँकेचा कागद, घटस्फोटाचा कागद. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मदतीसाठी काही कागद लागतात, ते कल्याण खात्याच्या समाजसेविकेला बघू दे. तिचं ते काम आहे, तिला ते गुप्त ठेवण्याची शिस्त आहे. पण आज दाराशी आलेल्या माणसाला आजचं ताट कागदाशिवाय मिळालं पाहिजे. कुणी फसवून दोन ताटं नेलीच तर नेऊ दे. एका खऱ्या भुकेल्याला मान खाली घालायला लावण्यापेक्षा ते परवडलं.

तालमूदमधल्या मार उक्वाची गोष्ट तू ऐकली असशील. शेजारच्या गरिबाच्या दाराच्या बिजागरीच्या खाचेत तो रोज चार झुझ, म्हणजे चांदीची नाणी, ठेवायचा. एक दिवस गरीब बघायला बाहेर आला, कोण ठेवतंय. मार उक्वा आणि त्याची बायको पळाली आणि तापलेल्या भट्टीत लपली. त्याचे पाय भाजले, तिचे भाजले नाहीत. का, तर ती घरात असायची आणि गरिबाला तयार अन्न द्यायची. त्याला पैसे घेऊन बाजारात जावं लागायचं, तिचं दिलेलं तिथल्या तिथे पोटात जायचं. ही गोष्ट पुरुषमंडळी चार झुझपाशीच सोडून देतात. मला तिच्यातली ती बाई फार मोठी वाटते. तू तिचं काम करते आहेस.

तर दाराशी काय करायचं? पिशवी साधी, बिननावाची. देणगीदाराचा छाप, संस्थेचं बोधचिन्ह असलं काही नको. जिन्यात भेटणाऱ्याला ती बाजारातून आलेली पिशवी वाटली पाहिजे. दाराच्या मुठीला अडकव, बेल वाजव, निघ. थंड डबे असतील तर आधी फोन कर, म्हणजे उन्हात राहणार नाहीत. आपल्याकडच्या जूनमध्ये अर्धा तास खूप झाला. न्यूयॉर्कमध्ये शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचं, जेवण पुरवणारे तोमखे शब्बोसवाले गुरुवारी रात्री असेच खोके दाराशी ठेवून जातात. ब्रुकलिनमध्ये 2005 साली मास्बिया सुरू झालं, तिथे मोफत कोशेर जेवण हॉटेलसारखं टेबलावर आणून वाढतात. तेही मला पटतं. रांगेत ताट धरून उभं राहणं वेगळं आणि खुर्चीवर बसून वाढून घेणं वेगळं. आणि फोटो काढू देऊ नकोस. देणगीदार मागतील, गोड बोलून मागतील. परातींचा काढा, भाजीचा काढा, तुझा काढा. घेणाऱ्याचा नाही, पाठमोराही नाही. डिमोना किंवा येरुहामसारख्या लहान गावात पाठीवरूनही माणूस ओळखतात.

यादी एकटीच्या हातात ठेवू नकोस. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ नियमसंग्रहात, सांगितलंय की कुप्पा, म्हणजे गावाची दानपेटी, दोघांनी गोळा करावी आणि तिघांनी वाटावी. म्हणजे कुणाला किती हा निर्णय एकाच्या रागालोभावर राहत नाही. तुलाही त्याचा आधार आहे. उद्या कुणी म्हणालं, आपल्या मराठी माणसांना झुकतं माप दिलं, तर उत्तर द्यायला आणखी दोन तोंडं असतील. आणि झुकतं माप देऊ नकोस, बरं का. आपली माणसं ओळखीवर फोन करतात. आपुलकीने बोल, नाव यादीत घाल, पण रांगेतच.

यहुदी नसलेला कुणी आला तर? तालमूदमध्ये स्पष्ट आहे: शांततेसाठी परक्यांच्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर पोसायचं. बेअर शेव्हात राहून हे विसरता येत नाही. आणि कुणी भुकेने भोवळ येऊन पडलाच, तर मिश्ना म्हणते, त्याला जे हाताशी असेल ते खाऊ घाला, निषिद्धसुद्धा, त्याच्या डोळ्यांत तेज येईपर्यंत. जीव पहिला. कडकपणा कुठे थांबतो हे ज्याला कळतं त्यालाच तो शोभतो.

आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, घरांत श्रीमंती नव्हती, पण नियमातून वाट काढायचं शहाणपण होतं. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्श्याला नारळाचं दूध. द्राक्षाची वाईन मिळायची नाही, म्हणून किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या वाईनच्या प्रार्थनेला, काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत. गरिबातल्या गरीब घरात शब्बाथ येऊ शकायचा. आणि दारफळणीच्या सणाचा, म्हणजे उपासाच्या योम किप्पूरचा, दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांकडे जायचं. तुझ्या पणजीच्या घरात हे असणार. तुमच्या स्वयंपाकघरात मांसाच्या दिवशी नारळाच्या दुधाची भाजी करून बघ. मोरोक्कोच्या बायका आधी नाक मुरडतील, मग कृती विचारतील.

आता पेसाख. मिश्ना म्हणते, इस्राएलातल्या सगळ्यात गरीब माणसानेही पहिल्या रात्री, सेदरच्या जेवणाला, टेकून बसल्याशिवाय जेवू नये आणि त्याला वाईनचे चार पेले कमी पडू देऊ नयेत, ते तमहुईतून, म्हणजे दानाच्या परातीतून द्यावे लागले तरी. टेकून बसणं ही मोकळ्या माणसाची बैठक. दान घेणाऱ्यालाही त्या रात्री राजासारखं बसता आलं पाहिजे, म्हणून खोक्यात मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, आणि बटाटे भरले की झालं असं समजू नकोस. द्राक्षाचा रस हवा, अंडी हवीत, मारोरची, म्हणजे कडू भाजीची, कोवळी पानं हवीत. टेबलावर घालायला एक बरा कागदी कपडा टाकलास तर मला आनंद होईल. आणि विचार कर, त्या घरात पेसाखची, पाव-खमीर कधी न लागलेली, वेगळी भांडी आहेत का? नसतील तर कच्चा माल देऊन उपयोग नाही. तिथे शिजवलेलं, सीलबंद, वापरून फेकता येईल अशा ट्रेमध्ये द्यावं लागेल. अश्केनाझी घरात तांदूळ आणि कडधान्य चालत नाही, आपल्या आणि बऱ्याचशा सेफार्दी घरांत चालतं. हे फोनवर विचारताना ‘तुम्ही काय खात नाही?’ असं विचारू नकोस. ‘तुमच्याकडे सेदरला काय करतात?’ असं विचार. गरजू माणसाला कुणी त्याच्या घरच्या रीतीबद्दल विचारलं की तो मोकळा होतो. मग एकटाच आहे, गुडघे गेलेत, लिफ्ट बंद आहे, हेही सांगतो. आणि एकटा असेल तर त्याला नुसतं खोकं नेऊन देऊ नकोस, कुणाच्या तरी सेदरला नेऊन बसव. हगादाच्या, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीच्या, सुरुवातीला आपण सगळे म्हणतो ना, जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं. 1874 साली पुण्यात मराठीसह छापलेली हगादा आपल्यापैकी किती घरांत होती. त्या ओळीचा अर्थ आपल्या आज्या मराठीत जाणून होत्या.

पुरीमचा सण झाला की हातात एक महिना राहतो. देणग्या त्याच महिन्यात धो-धो येतात, आणि पेसाख संपला की बंद. सुक्कोतच्या सणानंतर हेश्वान महिन्यातही तेच: सण नाहीत, देणारे दमलेले, आणि घरातली मुलं रोजचीच भुकेली. आलेल्या पैशातला काही भाग आत्ताच त्या महिन्यांसाठी बाजूला काढायला समितीला लाव. ते म्हणतील, आत्ता गर्दी आहे. तू अडून बस.

ज्या घरात कमावतं माणूस आहे पण पगार पुरत नाही, त्यांना रोजच्या डब्यापेक्षा पैसे भरलेलं दुकानाचं कार्ड बरं पडतं. स्वतः निवडून आणतात, स्वतःच्या चुलीवर शिजवतात. आणि कामाच्या शोधात असलेली बाई असेल तर तुमच्या स्वयंपाकघरात पगारी जागा निघाल्यावर तिचं नाव आधी सुचव. रमबामच्या दानाच्या आठ पायऱ्यांत सगळ्यात वरची तीच आहे, माणसाला काम देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

यादी तयार झाली की किती घरांना तांदूळ द्यायचा तो आकडा मला कळव, नावं नकोत. पेसाखचा तांदूळ तीनदा निवडावा लागतो, एकेक दाणा सरकवत, गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. डिमोनाहून आम्ही चौघी-पाचजणी बसने येऊ. चष्मे आमचे आम्ही आणतो. तू फक्त नव्या पांढऱ्या चादरी, खिडकीजवळची टेबलं आणि न दमणाऱ्या दोन तरुण मुली तयार ठेव; घरची चादर मात्र नको, धुतली तरी शिवणीत पावाचे कण राहतात.

तुझी,
मावशी