‘उभयचर कोळंबी’ नव्हे, उभयपाद: ॲम्फिपॉडच्या अवयवांची मराठी नावं

प्रश्न असा आला आहे: खोल समुद्रातल्या एका ॲम्फिपॉडचं, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या एका कवचधारी प्राण्याचं, शास्त्रीय वर्णन मराठीत आणायचं आहे. त्याला ‘उभयचर कोळंबी’ म्हटलेलं चालेल का? आणि मूळ मजकुरात पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी येणाऱ्या अवयवांना सरसकट ‘पाय’ लिहिलं तर काय बिघडेल?

‘उभयचर’ नको आणि ‘कोळंबी’ही नको. ‘उभयपाद’ म्हणा, नाहीतर सरळ ‘ॲम्फिपॉड’ ठेवा.

घोटाळा ‘ॲम्फि’मुळे होतो. बेडकाच्या वर्गाच्या नावात ‘ॲम्फि’ला ‘बिओस’, म्हणजे जीवन, जोडलेलं आहे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणारा तो उभयचर. इथे मात्र ‘ॲम्फि’पुढे ‘पूस’ आहे, म्हणजे पाऊल. ‘पूस’चं षष्ठीचं रूप ‘पोदोस’ आणि आपला ‘पाद’ हे एकाच मुळातले शब्द, त्यामुळे ‘उभयपाद’ मुळाशी इमान राखणारा शब्द आहे. 1816 साली लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं ते पायांची ठेवण पाहून. चालायच्या पायांपैकी पुढच्या जोड्या एका दिशेला वळलेल्या असतात आणि मागच्या उलट दिशेला. ज्यांचे पाय साधारण एकसारखे असतात ते आयसोपॉड, म्हणजे समपाद. हे दोन शब्द शेजारी ठेवले की दोन्हींचा अर्थ उजळतो.

कोळंबी, करंदी, जवळा हे सगळे दशपाद. त्यांच्या डोक्या-छातीवर सलग पृष्ठवर्म, म्हणजे पाठीवरचं ढालीसारखं कवच, असतं आणि डोळे देठावर असतात. उभयपादाला पृष्ठवर्म नसतं. डोळे असले तर बिनदेठाचे, डोक्याच्या पृष्ठभागाशी सपाट बसलेले. ‘कोळंबीसारखा’ एवढं ओळख करून देण्यापुरतं चालेल, पण नाव म्हणून ते चुकीचंच.

‘चपटा’ या शब्दाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण अनुवादात तो सगळ्यात जास्त फसवतो. ढेकूणही चपटा आणि पिसूही चपटी, पण ढेकूण वरून दाबल्यासारखा असतो आणि पिसू दोन्ही बाजूंनी. बहुतेक उभयपाद पिसूसारखे असतात, समपाद बहुधा ढेकणासारखे. म्हणून नुसतं ‘चपटं शरीर’ न लिहिता ‘दोन्ही बाजूंनी दाबलेलं’ असं लिहा. नमुना टेबलावर ठेवला की तो कुशीवर कलंडतो, त्याचं कारण याच शब्दांत आहे.

आता पायांकडे. सरसकट ‘पाय’ लिहिलं तर ओळख पटवण्याचा पायाच जातो. शरीराचे भाग असे: डोकं, त्यामागे वक्षाचे मोकळे सात खंड, मग उदराचे तीन, पुन्हा तीन, आणि शेवटी पुच्छखंड. वक्षाचा खरा पहिला खंड डोक्याशी जुळून गेलेला असतो आणि त्याचे पाय तोंडाच्या कामाला लागलेले असतात. मूळ मजकुरात ते ‘मॅक्सिलिपेड’ म्हणून येतात. मोकळ्या सात खंडांपैकी पहिल्या दोघांवर ‘नॅथोपॉड’ असतात, पकडण्याच्या कामाचे. पुढच्या पाच खंडांवर ‘पेरिओपॉड’. उदराच्या पहिल्या तीन खंडांवर ‘प्लिओपॉड’, जे वल्ह्यांसारखे हलत राहतात. शेवटच्या तीन खंडांवर ‘युरोपॉड’, ताठ आणि मागे वळलेले, रेटा द्यायला.

यात एक खड्डा आहे. ‘नॅथोस’ म्हणजे जबडा, म्हणून नॅथोपॉडचा शब्दशः अनुवाद ‘जंभपाद’ होतो. मॅक्सिलिपेडचाही शब्दशः अनुवाद ‘जंभपाद’च होतो. दोन वेगळे अवयव एका नावाखाली गेले की वाचकाला तोंडाचा भाग कुठला आणि पकडीचा पाय कुठला हे कळायला मार्ग उरत नाही. मी मॅक्सिलिपेडला जंभपाद ठेवीन आणि नॅथोपॉडला कामावरून ‘ग्रहणपाद’ म्हणेन. पेरिओपॉड, प्लिओपॉड, युरोपॉड यांना अनुक्रमे चलनपाद, प्लवपाद, पुच्छपाद. हे शब्द लगेच कळतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत.

ग्रहणपादाला ‘नांगी’ म्हणण्याचा मोह होईल. खेकड्याची नांगी खरा चिमटा असते: शेवटून दुसरं पेर बोटासारखं पुढे वाढतं आणि शेवटचं पेर त्यावर मिटतं. उभयपादात पुष्कळदा तसं नसतं. शेवटचं पेर मागे दुमडून आधीच्या पेराच्या कडेवर बसतं, घडीच्या चाकूचं पातं मुठीत जावं तसं. पहिल्या रचनेला ‘चिमटा-पकड’ आणि दुसरीला ‘घडी-पकड’ म्हणता येईल. हा फरक जाती ओळखताना कळीचा असतो, म्हणून दोन्हींना ‘नांगी’ करून टाकू नये.

क्रमांकही तपासा. आजच्या बऱ्याच लेखनात ग्रहणपादांना एक आणि दोन धरून चलनपाद तीन ते सात मोजतात. जुन्या लेखनात चलनपादांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे जुना पाचवा तो आजचा सातवा. दोन वर्णनं ताडून पाहताना इथे चूक झाली तर भलत्याच पायांची तुलना होते.

प्रत्येक पायाला सात पेरं असतात: कॉक्सा, बेसिस, इस्किअम, मेरस, कार्पस, प्रोपोडस, डॅक्टिलस. ही नावं कृपा करून वैद्यकीय कोशात शोधू नका. तिथे इस्किअम म्हणजे कमरेखालचं हाड आणि कार्पस म्हणजे मनगट. या प्राण्याला हाडं नाहीतच. कीटकांच्या पायांचे शब्दही इथे बसत नाहीत, कारण पेरांची वाटणी वेगळी आहे. नावं देवनागरीत जशीच्या तशी ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘तिसरं पेर, इस्किअम’ असा क्रमांक जोडणं सगळ्यात सुरक्षित. फक्त एक सांगायला विसरू नका: कॉक्सा ढालीसारखी रुंद पट्टी होऊन अंगाच्या बाजूला चिकटलेली असते, त्यामुळे मोकळी पेरं सहाच दिसतात. मोजणारा पहिलं पेर गाळतो आणि पुढची सगळी नावं एका घराने सरकतात.

‘काटा’ हा शब्दही जपून वापरा. पूर्वी जाड, टोकदार दिसणाऱ्या सगळ्याला काटा म्हणत. आता बुडाशी सांधा असलेला तो रोम, मग तो कितीही जाड असो, आणि सांध्याशिवाय कवचातूनच वाढलेला तो काटा किंवा दात. जुन्या वर्णनातला ‘काटा’ आजच्या भाषेत पुष्कळदा ‘जाड रोम’ असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बुडाशी गोल खोबण दिसली की रोम समजावा. रोम गळून गेला तरी खोबण राहते, म्हणून मोजताना खोबणीही धराव्या.

रंगाचे शब्द वर्णनात आले तर तो ताज्या नमुन्याचा रंग आहे का हे पाहून तसं लिहा. खोल पाण्यातल्या अनेक जाती लाल-नारिंगी असतात, पण अल्कोहोलमध्ये तो रंग उतरतो. बाटलीतला फिकट नमुना ‘पांढरी जात’ ठरत नाही. मादीच्या दुसऱ्या ते पाचव्या जोडीच्या (ग्रहणपादांपासून मोजून) पायांच्या बुडाशी आतल्या बाजूला पातळ पट्ट्या असतात आणि त्यांची मिळून पिल्लं सांभाळायची पिशवी होते. तिला आपला ‘शिशुधानी’ हा शब्द चपखल बसतो. पट्ट्या दिसल्या नाहीत म्हणून लगेच ‘नर’ लिहू नये, पिल्लूही असू शकतं. नराच्या सातव्या वक्षखंडाच्या खालच्या अंगाला दोन बारीक उंचवटे असतात, ते पाहूनच लिहावं.

‘प्रजाती’बद्दलही सांगायला हवं. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी आणि जाती तिच्याखालची. बातम्यांत मात्र जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात. वर्गीकरणाच्या मजकुरात ही सरमिसळ महागात पडते. उदाहरणार्थ, उभयपादांतली युरीथेनिस ही प्रजाती, युरीथेनिस ग्रिलस ही तिच्यातली एक जाती. ‘ग्रिलस’ म्हणजे लॅटिनमध्ये रातकिडा, पण म्हणून ‘रातकिडा युरीथेनिस’ करू नये. द्विनाम, म्हणजे प्रजाती आणि जाती मिळून होणारं शास्त्रीय नाव, अनुवादाच्या बाहेरचं असतं, फक्त त्याचा अर्थ सांगावा. 2020 साली पॅसिफिक महासागरातल्या मेरियाना गर्तेतून वर्णन झालेल्या जातीच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू सापडला होता, म्हणून तिचं नाव युरीथेनिस प्लास्टिकस. तिचे नमुने 6010 ते 6949 मीटर खोलीवरचे आहेत. याच प्रजातीत ‘अंधकारे’ नावाची एक जाती आहे. लॅटिन षष्ठीच्या रूपात संस्कृतातला अंधकार असा डोकावतो, हे पाहून भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणालाही आनंद होईल. नावातल्या विशेषणावर मात्र सगळा विश्वास टाकू नये. हिरोंडेलिया गिगास या उभयपादाच्या नावात ‘महाकाय’ असला तरी तो प्राणी काही सेंटिमीटरचाच, आणि ॲलिसेला गिगँटिया मात्र 34 सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

शब्द वाक्यात कसे बसतात ते पाहण्यासाठी, लिसिआनॅसॉइड या उभयपादांच्या एका गटातल्या नमुन्याचं थोडक्यात वर्णन असं होईल: ‘शरीर दोन्ही बाजूंनी दाबलेलं. डोळे बिनदेठाचे. पहिल्या शृंगिकेचा (डोक्यावरच्या मिशीसारख्या स्पर्शेंद्रियाचा) देठ आखूड व जाड. दुसरा ग्रहणपाद सडपातळ, त्याचं तिसरं पेर, इस्किअम, लांबट. टोकाची पकड अगदी लहान. उदराच्या तिसऱ्या खंडाच्या बाजूच्या पट्टीचा मागचा-खालचा कोपरा गोल की टोकदार, हे स्वतंत्र नोंदवावं. पुच्छखंड दुभंगलेला असल्यास चीर त्याच्या लांबीच्या किती भागापर्यंत जाते, ते मोजून लिहावं.’