टांझानियाला जोडप्याने जाताय? बायकोला 'डिपेंडंट' म्हणून नेऊ नका

सलाम. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही, म्हणून उपासनेला जायच्या आधी लिहायला बसले. तुम्ही लॅब टेक्निशियन, मिसेस जीएनएम नर्स, चर्चच्या मंडळीकडून दोन वर्षांसाठी टांझानियाच्या राजधानीकडे, डोडोमाकडच्या मिशन हॉस्पिटलात निघालाय, आणि पाठवणारं ऑफिस म्हणतंय की परमिट तुमच्या नावाचं काढू, मिसेस डिपेंडंट म्हणजे तुमच्यावर अवलंबून म्हणून येतील, त्यांचे वेगळे कागद लागत नाहीत, खर्चही वाचेल. तुम्ही विचारलंय सामान काय न्यावं. सामानाचं नंतर सांगते, आधी ते डिपेंडंटचं थांबवा.

आम्ही नाशिकचे. मी नर्स, हे आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. २०१३ ते २०१८ डोडोमापासून दीडेक तासावरच्या एका गावात होतो. आम्हालाही अगदी हेच, जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिथली माणसं आता बदलली आहेत आणि मला कुणाला बदनाम करायचं नाही. पण त्या एका वाक्याने माझे अकरा महिने गेले.

व्हिसा, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला (पीसीसी) हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा एवढाच की टांझानियात मिशनरी, व्हॉलंटियर, विद्यार्थी यांच्यासाठी क्लास सी रेसिडेन्स परमिट असतं. पगार मिळत नसला तरी ते लागतं, टुरिस्ट व्हिसावर वॉर्डात पाऊल टाकता येत नाही. आणि डिपेंडंट पासवर आलेल्या माणसाला तिथे राहता येतं, काम करता येत नाही. फुकट सेवा हेसुद्धा तिथे कामच धरतात. शिवाय नर्सला तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं ते वेगळंच. हे मला कधी कळलं, तर तिथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, पांढरा युनिफॉर्म घालून मेट्रनबाईंसमोर उभी राहिले तेव्हा. बिचाऱ्या खूप चांगल्या होत्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोले साना," म्हणजे फार वाईट वाटतं, पण तुम्ही वॉर्डात दिसलात आणि तपासणी आली तर दंड हॉस्पिटलला बसेल. ज्या हॉस्पिटलने नर्स मागितली होती तिथे इलेक्ट्रिशियनचं परमिट आलं होतं आणि नर्स घरी बसली होती.

पावसाळ्यात, म्हणजे तिकडे साधारण डिसेंबर ते एप्रिल, मलेरियाने मुलांचा वॉर्ड भरून जायचा, एका खाटेवर दोन दोन मुलं. मी घरी बसून गॉजच्या घड्या करायचे आणि संध्याकाळी नेऊन द्यायचे, तेवढंच. एकदा रात्री लाइट गेलेली, घड्या द्यायला व्हरांड्यात गेले तर एक आई सायकलवरून मूल घेऊन आली, कांगात, म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात त्या कापडात, गुंडाळलेलं, तीनेक वर्षांचं, झटके येत होते. ड्युटीवर एकटी मुलगी, नुकती पास झालेली. ती मला ओरडून म्हणाली, "मामा, शिका! शिका तोची!" स्वाहिलीत मामा म्हणजे आई, बाई, शिका म्हणजे धरा, तोची म्हणजे टॉर्च. मी टॉर्च धरला. तिला शीर सापडेना, एकदा झालं, दोनदा झालं, मुलाचा हात एवढासा, आणि मी चौदा वर्षं बालरोग विभागात काढलेली, मला टॉर्चच्या उजेडात ती शीर दिसत होती हो. मी बोटाने दाखवलं, हात नाही लावला. चौथ्या वेळी लागली. मूल वाचलं, देवाची कृपा. पण मी घरी येऊन जी रडले ते यांना अजून आठवतं.

आता कागदांचं ऐका, कारण खरी गोची तिथे आहे. मी ताबडतोब स्वतःचं परमिट आणि रजिस्ट्रेशन करायला घेतलं. माझी सर्टिफिकेटं नाशिकला ट्रंकेत, कारण "लागत नाहीत". शिवाय तिकडच्या कौन्सिलला आपल्या कौन्सिलकडून व्हेरिफिकेशनचं पत्र थेट हवं होतं. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या नावावर, मधलं नाव यांचं. आपल्याकडे हे इतकं रोजचं आहे की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, पण तिकडच्या क्लार्कसाठी त्या दोन वेगळ्या बायका. दोन्ही जोडणारा कागद म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, आणि माझ्याकडे होता चर्चच्या रजिस्टरचा मराठीतला उतारा. मग भावाने रजिस्ट्रारकडून प्रत काढली, भाषांतर, नोटरी, सरकारी साक्षांकन, प्रत्येक गोष्टीला तीन चकरा. हे सगळं भारतात बसून करायला सोपं, तिथून लांबून नाही.

या सगळ्यात ऑफिसला मी किती ईमेल केल्या विचारू नका. एक अधिकारपत्र हवं होतं, अर्ध्या पानाचं, की ही बहीण आम्हीच नर्स म्हणून पाठवली आहे. उत्तर यायचं, "बहीण, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत." प्रार्थना तर मीही रोज करत होते, मला सही-शिक्का हवा होता. ते पत्र सातव्या महिन्यात आलं आणि त्यात माझं नाव चुकीचं होतं. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, त्याच महिन्यात मंडळ्यांना गेलेल्या अहवालात यांचं नाव आणि पुढे "सहकुटुंब". ऑफिसच्या लेखी मिशनरी एकच होता, मी सोबत गेलेलं सामान. ही नुसती कागदाची चूक नव्हती, आणि म्हणूनच तुम्हाला इतकं कळकळीने लिहितेय. बायको नर्स असो, शिक्षिका असो, तिला बोलावणं आलंय तर तिची फाइल वेगळी, तिचा अर्ज वेगळा, तिची फी वेगळी. ऑफिस फी देत नसेल तर स्वतः भरा, दागिना मोडावा लागला तरी भरा असं मी म्हणेन.

माझी माहिती आमच्या वेळची आहे, मी काही वकील नाही. आता अर्ज ऑनलाइन होतात, फी आणि नियम बदलत राहतात, तर तिकडच्या इमिग्रेशनच्या वेबसाइटवर स्वतः वाचा आणि हॉस्पिटलच्या ॲडमिनिस्ट्रेटरला स्वतः ईमेल करा, ऑफिसच्या मार्फत नाही.

बाकी जगण्याचं म्हणाल तर आपल्या माणसाला डोडोमा परकं वाटत नाही. दुष्काळी भाग, लाल माती, बाजरी, ज्वारी, शेंगदाणा, सूर्यफूल, आणि द्राक्षंसुद्धा, नाशिकचं माणूस खूश! ज्वारीला मतामा म्हणतात, गिरणीतून दळून आणायचे आणि भाकऱ्या थापायचे, शेजारणी बघायला यायच्या. तूर म्हणजे म्बाझी, बाजारात अख्खी मिळते. म्चिचा म्हणजे आपला माठच. हिंग, मोहरी शहरात भारतीय दुकानात मिळते, त्यासाठी बॅगेत जागा अडवू नका. तिथल्या गोगो जमातीच्या लोकांची म्लेंडा म्हणून बुळबुळीत पालेभाजी असते, उगालीबरोबर, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, ती पहिल्या दिवशी नको म्हणू नका, कुणीतरी पाणी भरून आणून तुमच्यासाठी केलेली असते. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या डब्याने विकत घ्यावं लागायचं, भांड्याचं पाणी झाडाला, कपड्याचं संडासाला, हा हिशोब पहिल्या आठवड्यातच बसतो. गावात गोरखचिंचेची प्रचंड झाडं आहेत, सगळ्या बैठका त्यांच्याखाली.

भाषेला मात्र पहिले तीन महिने द्या, कुणी काही म्हणो. हेसाबू, दुका, पेसा, गारी, साबुनी, रंगी, बिमा म्हणजे विमा, अर्धे शब्द ओळखीचेच निघतात. रिक्षाला बजाजी म्हणतात, आपल्या बजाजवरून. पण वेळ सांभाळा, त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून सुरू होतं, सा म्बिली म्हणजे दोन तास, म्हणजे सकाळचे आठ. मी 'सा कुमी ना म्बिली' हे बारा वाजता समजून दुपारी स्टँडवर गेले होते, बस सकाळी सहालाच गेलेली. आणि मोठ्या माणसाला भेटलं की आधी "शिकामो" हा नमस्कार, मग घरच्यांची, गुरांची, पिकाची चौकशी, मग काम. घाईत थेट कामाचं बोललात तर माणूस तोंडावर काही बोलणार नाही पण मनातून उतराल. तिथल्या मंडळ्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, त्यांचे पाळक त्यांचे आहेत, तेव्हा पहिलं वर्ष शिकवायला न जाता ऐकायला जा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुने कपडे वाटायला नेऊ नका. तिथे मितुंबाचे, म्हणजे जुन्या कपड्यांचे बाजारच्या बाजार भरतात. डॉलर नेलेत तर नोटा नव्या, न दुमडलेल्या न्या, जुन्या छपाईच्या घेत नाहीत. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा, नाहीतर परतताना आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. आणि सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगा की आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची टेस्ट करा. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम या जिवावर बेतणाऱ्या जातीचा असतो, तो दोन दिवस वाट बघत नाही.

एक विषयांतर करते. दार-ए-सलामला गेलात तर बागामोयोला जाऊन या. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंगस्टनसाहेब १ मे १८७३ ला वारले, त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी देह खांद्यावरून कित्येक महिने चालत फेब्रुवारी १८७४ ला तिथे किनाऱ्यावर आणला. त्यांच्यातला जेकब वेनराइट आमच्या नाशिकच्या शरणपूरला शिकलेला, गुलामांच्या जहाजावरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे मिशनच्या शाळेत होती. साहेब वारले तिथल्या झाडावर त्यांचं नाव त्यानेच कोरलं, दफनाचा शास्त्रपाठ त्यानेच वाचला. आणि तरी बऱ्याच ठिकाणी 'विश्वासू नोकर' एवढंच लिहिलेलं आढळतं. मी शरणपूर रोडवर वाढले आणि हे मला बागामोयोला उभं राहिल्यावर पहिल्यांदा समजलं. माझं परमिट येऊन तेव्हा महिनाच झाला होता.

परमिट आल्यावरची चार वर्षं मी वॉर्डात होते, त्यातला एक दिवसही मी बदलून देणार नाही. तुमच्या मिसेसना ते पहिल्या दिवसापासून मिळावं. तर आज एवढं करा, त्यांचं नर्सिंग रजिस्ट्रेशन, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला तिन्ही समोर ठेवून तिन्हीवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं कागदावर लिहा आणि कुठे फरक पडतो ते इथे सांगा. नंबर, जन्मतारीख वगैरे टाकू नका, नुसतं कुठलं नाव कुठे आहे तेवढं. मग कुठून सुरुवात करायची ते मी सांगते, संध्याकाळी परत बघेन.